हरभऱ्याएवढी होती तेव्हा

मावशीला गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा श्रावण चालू होता, २०१३ चा. हे तिनेच नंतर मला सांगितलं. सोमवारी डोक्यावरून आंघोळ करताना उजव्या बाजूला काखेच्या जरा खाली बोटाला काहीतरी टणक लागलं, हरभऱ्याएवढं, दाबून बघितलं तर दुखलं नाही, आणि दुखलं नाही म्हणून ती उठून पूजेला बसली. कुर्डुवाडीजवळच्या गावात राहायची, शेती, दोन म्हशी, धाकट्या पोरीसाठी स्थळं बघणं चाललेलं. दिवाळीच्या आसपास गाठ सुपारीएवढी झाली तेव्हा तालुक्याला एका डॉक्टरकडे जाऊन आली एकटीच, पदर काही बाजूला केला नाही, त्यांनीही वरूनच विचारलं दुखतं का, ही म्हणाली नाही, मग काही काळजी नको दुधाची गाठ असेल म्हणून १५ दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिचं वय ५४. दूध सुटून पंचवीस वर्षं झाली होती.

पोरीचं लग्न फाल्गुनात ठरलं. मी आदल्या दिवशी पोचले. सकाळी नवरीला मुंडावळ्या बांधायच्या होत्या आणि मावशीला उजवा हात वर नेता येईना, खांद्याच्या वर गेला की चेहरा बदलायचा, तिने हसत हसत "तूच बांध गं" म्हणून माझ्या हातात दिल्या आणि मी बांधल्या. तेव्हा मला वाटलं कामाचा ताण असेल, पाच-सहाशे माणसांचं जेवण, आठ दिवस झोप नाही. लग्न लागलं, पोरगी सासरी गेली, पूजा झाली, आणि त्या रात्री माजघरात दिवा बारीक करून तिने ब्लाऊजचे हूक काढले. लिंबाएवढी होती. वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी, बारीक बारीक खड्डे पडलेली, आणि बोंड आत ओढलं गेलेलं.

"पोरीचं लग्न होऊ दे म्हटलं, मग बघू." एवढंच बोलली.

आज हे सगळं लिहायला बसलेय कारण गेल्या महिन्यात शाळेत स्टाफरूममधे मॅमोग्राफीवरून, म्हणजे स्तनाचा कॅन्सर शोधायला काढतात त्या एक्स-रेवरून, चांगलीच चर्चा झाली. एक मॅडम म्हणाल्या की लवकर सापडलं तर ९९ टक्के बायका वाचतात, इंटरनेटवर आकडे आहेत, प्रत्येकीने चाळिशीनंतर दरवर्षी केलंच पाहिजे. दुसऱ्या म्हणाल्या की हे सगळं मशीनवाल्यांचं खूळ आहे, कॅनडात सिद्ध झालंय की काही उपयोग नाही. मी गणित शिकवते, आकडा दिसला की तो कशाला भागून आलाय ते बघायची मला सवय आहे, आणि मावशी गेल्यापासून ह्या विषयावर जे जे हाताला लागलं ते मी वाचत आलेय. दोघींचंही अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं अर्धं नीट जोडून कुणीतरी मराठीत सांगायला हवं असं मला मनापासून वाटलं.

आधी तो ९९ चा आकडा. तो खरा आहे, अमेरिकेतला आहे. स्तनातच मर्यादित असलेला कॅन्सर सापडला तर पाच वर्षांनंतर जिवंत असण्याचं प्रमाण तिथे ९९ टक्क्यांच्या आसपास आहे, काखेतल्या गाठींपर्यंत गेला असेल तर ८६-८७, आणि हाडं, फुप्फुस, यकृत असा लांब पसरला असेल तर तीसच्या थोडं वर. कुणालाही वाटेल की मग संपला प्रश्न, लवकर शोधा. पण हे पाच वर्षं मोजतात कुठून? निदान झाल्याच्या तारखेपासून. आणि इथेच गोम आहे.

मावशीचं निदान एप्रिल २०१४ ला झालं. जून २०१८ ला ती गेली. म्हणजे चार वर्षं दोन महिने, पाच वर्षांच्या आकडेवारीत ती "वाचली नाही" ह्या रकान्यात. आता समजा तिची गाठ २०१२ मधे एखाद्या मशीनमधे दिसली असती, बोटाला लागायच्याही आधी, आणि समजा (हे समजा फार महत्त्वाचं आहे) उपचारांनी काहीच फरक पडला नसता आणि ती त्याच जून २०१८ मधे त्याच दिवशी गेली असती, तरी आकडेवारीत ती सहा वर्षं जगली म्हणून "वाचली" ह्या रकान्यात गेली असती. आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही, फक्त कळण्याचा दिवस आधी आला. आमच्या मुलांना मी असं सांगते की सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधे एक जण कुर्डुवाडीला चढला आणि एक पुण्याला, दोघंही दादरला एकाच वेळी उतरले, कुर्डुवाडीवाल्याचा प्रवास जास्त तासांचा झाला म्हणून तो काही दादरला उशिरा पोचला नाही.

दुसरी एक भानगड अशी की सगळे कॅन्सर एका वेगाने वाढत नाहीत. जे सावकाश वाढतात ते तपासणीत सापडायला भरपूर वेळ असतो, आणि जे झपाट्याने वाढतात ते दोन तपासण्यांच्या मधेच वर येतात. म्हणजे तपासणीच्या जाळ्यात मुळातच गरीब स्वभावाचे कॅन्सर जास्त अडकतात आणि मग त्यांचा निकाल चांगला दिसतो, तो जाळ्यामुळे किती आणि स्वभावामुळे किती हे नुसत्या जगण्याच्या टक्क्यांवरून कळतच नाही. काही तर इतके संथ असतात की बाई दुसऱ्याच कारणाने म्हातारी होऊन गेली असती आणि तिला कधी कळलंही नसतं. त्यालाही ऑपरेशन, शेक (म्हणजे किरणांचे उपचार), गोळ्या सगळं होतं.

म्हणून जगण्याचे टक्के बाजूला ठेवायचे आणि मृत्यू मोजायचे. हजारो बायकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एका गटाला तपासणीला बोलवायचं, दुसऱ्याला नाही, आणि मग दहा, वीस वर्षं थांबून दोन्हीकडे स्तनाच्या कॅन्सरने किती गेल्या ते मोजायचं. ह्यात कळण्याची तारीख आधी आणून काही पदरात पडत नाही. असा पहिला मोठा प्रयोग न्यूयॉर्कमधे १९६३ साली सुरू झाला, ४० ते ६४ वयाच्या साधारण ६२ हजार बायका, मॅमोग्राफी आणि हाताने तपासणी दोन्ही, आणि तपासणीच्या गटात मृत्यू पंचवीस ते तीस टक्क्यांच्या घरात कमी झाले. मग स्वीडनमधे दोन जिल्ह्यांत १९७७ पासून नुसत्या मॅमोग्राफीवर झाला, तिथेही तीस टक्क्यांच्या आसपास घट. आणि मग कॅनडा, जे आमच्या दुसऱ्या मॅडमना माहिती होतं. १९८० पासून जवळपास ९० हजार बायका, ४० ते ५९ वयाच्या, २५ वर्षांनी २०१४ ला निकाल आला की मॅमोग्राफीवाल्या गटात आणि दुसऱ्या गटात मृत्यूंमधे फरकच नाही. त्या प्रयोगावर पुष्कळ टीका झालीय, मशीनच्या दर्जावर, गट पाडण्यावर, ती सगळी इथे देत बसत नाही. पण एक गोष्ट फार कुणी सांगत नाही, ती म्हणजे पन्नाशीच्या वरच्या बायकांमधे कॅनडातल्या दुसऱ्या गटालाही दरवर्षी शिकलेल्या नर्सच्या हाताने नीट तपासत होते. म्हणजे तिथे तुलना मशीन विरुद्ध काहीच नाही अशी नव्हती, मशीन अधिक हात विरुद्ध नुसता हात अशी होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही बंद करून थोडा वेळ गप्प बसले होते.

इंग्लंडमधे ह्या सगळ्या भांडणावर एक स्वतंत्र समिती बसवली, २०१२ ला त्यांनी सगळे प्रयोग एकत्र करून सांगितलं की बोलावणं पाठवलेल्या बायकांमधे मृत्यू साधारण २० टक्क्यांनी कमी होतात. आणि दुसरी बाजूही तितक्याच स्वच्छपणे सांगितली, पन्नाशीच्या १० हजार बायकांना वीस वर्षं बोलावलं तर ४३ जणींचा जीव वाचतो, आणि १२९ जणींना असा कॅन्सर सापडतो ज्याने त्यांना आयुष्यात कधी त्रास दिला नसता. एकीमागे तीन. ही बेरीज-वजाबाकी प्रत्येक बाईला तिच्या भाषेत सांगितली पाहिजे आणि मग तिने ठरवावं असं माझं ठाम मत आहे. इंग्लंडमधे ५० ते ७१ वयाच्या बायकांना दर तीन वर्षांनी घरी पत्र येतं आणि सोबत माहितीपत्रक असतं, त्यात हे फायदे-तोटे दोन्ही लिहिलेले असतात.

मी स्वतः पन्नाशी झाल्यावर गेले, २०२३ ला. जाताना पावडर, डिओ काही लावायचं नाही असं फोनवर सांगितलेलं, कारण त्यातले कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसू शकतात आणि कॅन्सरचे चुन्याचे बारीक ठिपकेही तसेच दिसतात. मंगळसूत्र काढून रुमालात बांधलं. आतली ताई माझ्या मुलीच्या वयाची होती, पण हात सराईत, तिने माझा खांदा धरून मला मशीनला चिकटवून उभं केलं, खालची प्लेट गार, वरून पारदर्शक प्लेट हळूहळू खाली येते आणि दाबते, दाबते म्हणजे चांगलंच दाबते, पोळपाटावर गोळा चपटा करतो तसं, कारण जेवढं चपटं तेवढं आतलं स्पष्ट दिसतं आणि किरणही कमी लागतात. "काकू श्वास रोखा", टक्क, "सोडा". दोन्ही बाजूंचे दोन दोन, सगळं मिळून दहा मिनिटं. दुखतं, पण चारेक सेकंद. किरणांची भीती खूपजणी घालतात म्हणून सांगते, निसर्गातून आपल्या अंगावर साधारण दीड-दोन महिन्यांत जेवढं रेडिएशन पडतं तेवढंच ह्या पूर्ण तपासणीत असतं.

तीन दिवसांनी फोन आला की डावीकडे काहीतरी दिसतंय, परत या, अजून एक फोटो आणि सोनोग्राफी करू. सोनोग्राफीची तारीख नवव्या दिवसाची मिळाली. ते नऊ दिवस मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असायचे आणि उदाहरण अर्धवट राहायचं. रात्री नवरा झोपला की उठून मावशीचे फोटो बघायचे. शेवटी ती पाण्याची गाठ निघाली, साधी, काही करायचं नाही. नंतर वाचलं की अमेरिकेत दरवर्षी मॅमोग्राफी करणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना दहा वर्षांत एकदा तरी असं उगाच परत बोलावलं जातं. हे आधी कुणी सांगितलं असतं ना, की परत बोलावणं म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेक वेळा काहीच नसतं, तर ते नऊ दिवस मी जरा बरे काढले असते. म्हणून इथे लिहितेय, तुम्हाला फोन आला तर आठवा.

पण मावशीच्या गावात मशीन कुठलं. आणि तिच्यासाठी प्रश्न मशीनचा नव्हताच, गाठ तर तिला स्वतःलाच सापडली होती.

म्हणून मला ह्या सगळ्यात सगळ्यात जवळचा वाटतो तो मुंबईचा प्रयोग. आपल्याकडचा. टाटा हॉस्पिटलने १९९८ च्या मे महिन्यात सुरू केला, डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांचे सहकारी. मुंबईतल्या वस्त्यांचे २० भाग पाडले, दहा इकडे दहा तिकडे, ३५ ते ६४ वयाच्या एकूण १ लाख ५१ हजार ५३८ बायका. एका बाजूच्या ७५ हजार बायकांना दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, हाताने तपासलं आणि माहिती दिली. दुसऱ्या बाजूला एकदा माहिती दिली आणि मग दर दोन वर्षांनी घरी जाऊन फक्त चौकशी. तपासणाऱ्या कोण? डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत. दहावीपर्यंत शिकलेल्या बायका, साधारण महिनाभराचं ट्रेनिंग दिलेल्या. आणि वीस वर्षं पाठपुरावा केला, वीस वर्षं, मुंबईसारख्या शहरात जिथे माणूस खोली बदलतो, गावी जातो, झोपडपट्टी उठते. कुणी कधी वस्तीत सर्व्हेचं काम केलं असेल त्यांना कळेल ह्यात किती चपला झिजल्या असतील.

२०२१ ला निकाल छापून आला. तपासलेल्या बायकांमधे तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडण्याचं प्रमाण ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. सगळ्या वयांच्या मिळून स्तनाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू तपासलेल्या गटात १५ टक्क्यांनी कमी, पण हा फरक योगायोगानेही येऊ शकतो अशा रेषेच्या अगदी जवळचा आहे आणि त्यांनी ते स्पष्ट लिहिलंय. पन्नाशी आणि त्यावरच्या बायका वेगळ्या काढून बघितल्या तर मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी, दरवर्षी लाख बायकांमागे ३५ जणी जात होत्या तिथे २५. पन्नाशीच्या आत म्हणावा असा फरक दिसला नाही. वयाची ही फोड नंतर केलेली आहे त्यामुळे ती जरा हात राखूनच वाचायला हवी, तेही खरं. पण तरीही विचार करा, दहावी शिकलेली बाई, तिची तीन बोटं, दर दोन वर्षांनी एक भेट, एक रुपयाचं मशीन नाही, आणि पन्नाशीच्या पुढे जो फायदा दिसतो तो परदेशातल्या मॅमोग्राफीच्या पंक्तीला बसणारा.

ती तपासणी कशी करतात ते मी एका शिबिरात जवळून बघितलंय, माझी स्वतःचीही करून घेतलीय. आधी बसवतात, हात कमरेवर, मग डोक्यावर, आणि नुसतं बघतात, दोन्ही बाजू सारख्या हलतात का, कुठे खळी पडते का, बोंड आत गेलंय का. मग आडवं झोपवून एक हात डोक्याखाली. मधल्या तीन बोटांची पेरं, टोकं नाही, पेरांचा मऊ भाग, बारीक गोल फिरवत गळ्याच्या हाडापासून खाली, मग जरा बाजूला सरकून खालून वर, शेतात पाभर जाते तशा ओळी, एकही तास सुटता कामा नये. प्रत्येक जागी आधी हलकं, मग मध्यम, मग बरगडीपर्यंत खोल. मग काख, मग गळ्याच्या हाडाच्या वर. घाई न करता केलं तर पाच-सात मिनिटं सहज जातात. जी कुणी पटकन दोनदा दाबून "ठीक आहे" म्हणते ती तपासणी नव्हे, हे बिनधास्त तोंडावर सांगा.

मग स्वतःची स्वतः तपासणी? व्हॉट्सॲपवर दर ऑक्टोबरला ती चित्रं फिरतात. चीनमधे शांघायला कापड गिरण्यांमधल्या २ लाख ६६ हजार बायकांवर ह्याचाही प्रयोग झाला, निम्म्यांना स्वतः तपासायला नीट शिकवलं, आठवण करून दिली, आणि २००२ ला निकाल आला की मृत्यूंमधे काही फरक नाही, उलट साध्या गाठींच्या ऑपरेशन-तपासण्याच वाढल्या. हे वाचून मला आधी वाईट वाटलं. पण नंतर वाटलं की ह्याचा अर्थ दर महिन्याला आरशासमोर परीक्षा दिल्यासारखं करायची सक्ती नको एवढाच. आपलं अंग आपल्याला ओळखीचं असावं, आणि काही बदललं, टणक लागलं, कातडी ओढली गेली, बोंडातून रक्तासारखं आलं, तर त्याच आठवड्यात दाखवावं. मावशीला गाठ ओळखता आलीच होती ना. तिचे आठ महिने गेले ते ओळखण्यात नाही, बोलण्यात गेले.

मुंबईच्या त्या ताया घरी जात होत्या तेव्हा नेमकं काय घडत असेल ह्याचा मी खूप विचार करते. माझी समजूत अशी आहे (अभ्यासात हे असं लिहिलेलं नाही, माझं वाटणं आहे) की निम्मं काम बोटांनी केलं आणि निम्मं त्या दारात उभं राहण्याने केलं. दर दोन वर्षांनी एक बाई येते, तुझ्या घरच्या कुणालाही न विचारता फक्त तुझ्याबद्दल विचारते, छाती हा शब्द मोठ्याने उच्चारते. मावशीच्या दारात असं कुणी त्या श्रावणात किंवा नवरात्रात आलं असतं तर तिने सांगितलं असतं. मला खात्री आहे. ती खोटं बोलायची नाही, तिला फक्त कुणी विचारलं नाही. आणि गंमत बघा कसली, गंमत नाही, दुर्दैव, की बार्शी तिच्यापासून तासाभरावर. बार्शीला १९८७ पासून कॅन्सरची ग्रामीण नोंदणी चालते, देशातली पहिली, नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल तिथे आहे. तासाभरावर सगळं होतं आणि आठ महिने लागले.

आपल्या देशाचे आकडे बघितले तर २०२२ साली साधारण १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाला आणि ९८ हजार गेल्या. पाच वर्षं जगण्याचं प्रमाण, त्यातली वर सांगितलेली सगळी खोट धरूनही, अमेरिकेत ९० आणि आपल्याकडे ६६ च्या आसपास निघालं होतं. ही दरी काही सगळी मॅमोग्राफीची नाही. ती मोठ्या गाठी घेऊन उशिरा येणाऱ्या बायकांची आहे, आणि उपचार मधेच सुटण्याची आहे. सरकारने २०१६ ला ठरवलंय की तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी व्हावी, उपकेंद्रात, आरोग्य मंदिरात, फुकट. कागदावर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं की आयुष्यात कधी स्तनाची तपासणी झाली का, तर हो म्हणणाऱ्या ०.९ टक्के निघाल्या. शंभरात एकही पूर्ण नाही. आशाताईंच्या डोक्यावर पोलिओपासून सर्व्हेपर्यंत किती कामं आहेत ते मी बघते, त्यांना दोष देणार नाही, त्यांना ह्या कामाचे वेगळे पैसे आणि वेगळा वेळ द्या असं मात्र जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

आणि मॅमोग्राफी गावोगाव का नाही, तर फक्त पैशाचा प्रश्न नाही. आपल्याकडे साधारण निम्म्या पेशंट पन्नाशीच्या आतल्या असतात, आणि त्या वयात स्तन दाट असतो, फोटोत दाट भाग पांढरा दिसतो आणि कॅन्सरही पांढराच दिसतो, रांगोळीच्या ढिगात पडलेला साबुदाणा शोधावा तसं होतं. पाळी गेल्यावर चरबी वाढते, ती काळी दिसते, मग पांढरं उठून दिसतं. शिवाय फोटो काढणं सोपं, तो वाचणारी सराईत नजर पाहिजे, ती किती तालुक्यांत आहे? म्हणून ज्या शहरात आहेत, पन्नाशी ओलांडलीय, परवडतं, त्यांनी फायदे-तोटे समजून मॅमोग्राफी करावी असं मी म्हणेन, मी स्वतः करते. आणि ज्यांच्या आईला किंवा बहिणीला लहान वयात झालाय त्यांनी पन्नाशीची वाट बघू नये, डॉक्टरांशी वेगळं बोलावं. बाकी सगळीकडे ती पाच-सात मिनिटांची हाताची तपासणी पोचली तरी फार होईल.

फक्त सापडून चालत नाही हेही मावशीमुळेच शिकले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून तीन आकडे धरलेत, ६०-६०-८०. निदान झालेल्यांपैकी ६० टक्के पहिल्या-दुसऱ्या स्टेजला असाव्यात, दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं, आणि ८० टक्के बायकांचे उपचार पूर्ण व्हावेत. ह्यातला शेवटचा ८० मला सगळ्यात अवघड वाटतो. मावशीची किमो आधी झाली गाठ लहान करायला, मग ऑपरेशन, मग शेकाच्या पंचवीस फेऱ्या. दर वेळी सकाळची एसटी, डोक्याला रुमाल, पिशवीत दशमी आणि लोणच्याची फोड कारण तोंडाला चव नसायची. तिसऱ्या किमोनंतर ती म्हणाली बास, म्हशींकडे कोण बघणार. तेव्हा शेजारच्या जाऊबाईंनी चार महिने दोन्ही वेळची धार काढली. आकडेवारीत हे कुठे येत नाही, पण तिचे उपचार पूर्ण झाले ते त्या धारेमुळे झाले. चार वर्षं त्यामुळे मिळाली, त्यातली तीन चांगली गेली, पोरीचं पहिलं बाळंतपण तिने स्वतः केलं, बाळाला स्वतः तेल लावलं, उजवा हात सुजलेला असायचा तरी.

तर स्टाफरूममधे मी एवढं सगळं बोलले नाही, घंटा झाली. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीत आम्ही वाण म्हणून काही वस्तू दिली नाही. ओळखीच्या एका लेडी डॉक्टर आणि एक सिस्टर आल्या, क्लब हाऊसच्या मागच्या खोलीला पडदा लावला, एक पलंग, आणि ज्यांना वाटेल त्यांनी आत जायचं. मला वाटलं आठ-दहा जणी जातील. एकेचाळीस जणी गेल्या. कामाला येणाऱ्या मावश्यांनाही बोलावलं होतं, त्या शेवटी गेल्या, आणि त्यातल्या एकीने पडद्याआड गेल्यावर सिस्टरना पहिलंच वाक्य असं सांगितलं की दसऱ्यापासून आहे. तिची सोनोग्राफी झाली, तुकडा तपासायला दिलाय, शुक्रवारी रिपोर्ट येईल. मी सोबत जाणार आहे, रजा टाकलीय.

राहिल्या माझ्या सासूबाई. त्या हळदीकुंकवाला दारात अत्तर लावायला बसल्या होत्या, पडद्याकडे बघितलंही नाही. रात्री मी ओटा पुसत होते तेव्हा आल्या, फ्रिजचं दार उघडलं, काही घेतलं नाही, बंद केलं, आणि म्हणाल्या, "ते तुझं मशीनचं केलं होतंस, ते माझं कधी करायचं?"

मंगळवारची दहाची वेळ घेतलीय. आंघोळीनंतर पावडर लावायची नाही एवढंच त्यांना सांगितलंय, आणि त्यांनी डबा उचलून आत कपाटात ठेवून दिलाय.